वाघोलीच्या रामेश्वरभट्टांचा अनुताप

देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की कोणी किती वर्गणी दिली, शिखराचे काम कोणत्या कारागिराने केले, कलशारोहण कोणत्या तिथीस झाले, याची नोंद पुढील पिढ्यांसाठी करून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु महाराष्ट्रात असाही एक जीर्णोद्धार होऊन गेला की ज्याची वर्गणीची यादी नाही, शिलालेख नाही, आणि ज्याचा उल्लेख करणाऱ्याने स्वतःच्या अभंगात जेमतेम एका ओळीत उरकला आहे. तो जीर्णोद्धार म्हणजे देहूच्या विठ्ठलमंदिराचा. करणारे श्रीतुकोबाराय.

हे देऊळ तुकोबांच्या घराण्याचेच. त्यांचे पूर्वज विश्वंभरबाबा हे पंढरीचे निष्ठावंत वारकरी. त्यांच्या भक्तीस भुलून देव देहूस आला आणि इंद्रायणीकाठी प्रकटला, अशी परंपरेची श्रद्धा आहे. त्या मूर्तीसाठी विश्वंभरबाबांनी देऊळ बांधले. पुढे काही पिढ्या लोटल्या. घरात वाणीपणा व महाजनकी होती, शेतीवाडी होती, पूजाअर्चाही चालू होती. परंतु भिंती खचल्या आणि देऊळ मोडकळीस आले. घरात लक्ष्मी नांदत असताना कोणाचे तिकडे लक्ष गेले नाही. ते गेले दुष्काळानंतर.

शके १५५२ म्हणजे इ. स. १६३० साली दख्खनेत व गुजरातेत पावसाने डोळे वटारले आणि पुढील दोन वर्षे जो काळ आला तसा काळ जुन्या जाणत्यांनीही पाहिला नव्हता. शाहजहान बादशहाचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने बादशाहनाम्यात या दुष्काळाचे अंगावर शहारे आणणारे वर्णन केले आहे. पीटर मंडी हा इंग्रज त्याच सुमारास सुरतेहून आग्र्यास गेला, त्यालाही वाटेवर प्रेतांचे खच दिसले. मोठमोठ्या सत्तांच्या दफ्तरांत जे दिसते तेच देहूच्या एका घरात घडले. तुकोबांचे आईवडील आधीच गेले होते. व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, अब्रू गेली. थोरली पत्नी रखुमाबाई अन्न अन्न करीत वारली आणि मुलगा संतूही गेला. हे सारे तुकोबांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात स्वतः सांगितले आहे. तेथे त्यांनी दैवाला शिव्या दिलेल्या नाहीत. या दुःखाने मनाला लाज वाटली असे ते म्हणतात, आणि लगेच पुढे देवाचे भंगलेले देऊळ नीट करावेसे वाटले असे सांगतात.

हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. संकट आले म्हणजे माणूस नवस बोलतो आणि संकट टळले की नवस फेडतो. तुकोबांच्या बाबतीत टळायचे असे काही उरलेच नव्हते. जायचे ते सगळे गेले होते. आलेल्या आपत्तीकडे त्यांनी देवाने दिलेली समज म्हणून पाहिले आणि आपले वागणे बदलले. धाकटे बंधू कान्होबा यांच्याशी वाटणी करून आपल्या वाट्याची खतपत्रे त्यांनी इंद्रायणीत बुडविली, म्हणजे दुष्काळाने नागवलेल्या कुळांकडून येणे असलेले कर्ज सोडून दिले. मग देवळाचे काम काढले. चिखल तुडविण्यापासून भिंती घालण्यापर्यंतचे कष्ट त्यांनी स्वतःच्या अंगाने केले, असे महिपतीबाबा वर्णितात. देऊळ उभे राहिले, त्यात कीर्तन सुरू झाले. पुढे नामदेवराय पांडुरंगासह स्वप्नात आले व त्यांनी अभंग रचण्याची आज्ञा केली. ही हकीकतही तुकोबांच्याच शब्दांत उपलब्ध आहे.

एवढी पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय वाघोलीच्या रामेश्वरभट्टांची गोष्ट नीट कळत नाही. कारण त्यांनी जे बुडविण्यास सांगितले ते तुकोबांच्या दृष्टीने स्वतःचे काव्य नव्हतेच. ती देवाने सोपविलेली कामगिरी होती.

वाघोली हे पुण्याच्या ईशान्येचे गाव. तुकोबांचे आजोळ लोहगाव त्याच्या अगदी शेजारी, आणि लोहगावात तुकोबांचे कीर्तन वारंवार होत असे. तेव्हा देहूचा एक वाणी अभंग रचतो, त्यांत वेदांताचे सिद्धांत सांगतो, आणि त्याच्या पायावर ब्राह्मणही डोके ठेवतात, ही वार्ता वाघोलीस पोहोचण्यास वेळ लागण्याचे कारण नव्हते. रामेश्वरभट्ट हे तेथील विद्वान, वेदशास्त्रसंपन्न, कर्मनिष्ठ ब्राह्मण. नाटकांतून व बोलपटांतून त्यांना खलपुरुष म्हणून रंगविण्याची प्रथा पडली आहे. ती सोयीची असली तरी न्यायाची नाही. त्यांना तुकोबांची शेती नको होती, देवळाचे उत्पन्नही नको होते. शास्त्राने ज्याला अधिकार दिलेला नाही त्याने वेदार्थ सांगू नये, सांगितल्यास सांगणारा व ऐकणारा दोघेही बुडतात, असे ते प्रामाणिकपणे मानीत होते. माणूस स्वार्थाने चुकत असला तर शेजारीपाजारी त्याला टोकतात; पण धर्म म्हणून चुकू लागला की त्याला टोकायला कोणी धजत नाही. रामेश्वरभट्टांचे तसेच झाले.

त्यांनी दिवाणात तक्रार केली. दिवाणाने देहूच्या पाटलास लिहिले की या माणसास गावातून घालवून द्यावे. महिपतींच्या ग्रंथात हे आहेच, परंतु त्याला तुकोबांच्या गाथेतही दुजोरा आहे. आता खावे काय, जावे कोठे, पाटील रागावला, गावातील लोकही फिरले, मग राहावे कोणाच्या आधाराने, अशा अर्थाचा त्यांचा अभंग प्रसिद्ध आहे. तो वाचताना ध्यानात येते की ही काही भाविकांनी मागाहून रचलेली कथा नव्हे. घरादारासकट गाव सोडण्याची पाळी या माणसावर खरोखरच आली होती.

तुकोबा त्यावर स्वतः वाघोलीस गेले. रामेश्वरभट्ट स्नानसंध्या करीत होते. तुकोबांनी दंडवत घातला व हरिनाम घेतले. भट्ट म्हणाले, तुझ्या कवितेत श्रुतीचा अर्थ उतरतो, तुला तो अधिकार नाही, आजपासून हे बंद कर. तुकोबा म्हणाले, देवाच्या आज्ञेने रचीत होतो, आपण ब्राह्मण, आपलीही आज्ञा मान्य आहे. पुढे रचणार नाही, परंतु आजवर जे रचले त्याचे काय करू? उत्तर मिळाले की पाण्यात बुडवून टाक.

या भेटीवर पुढील घटनांच्या झगमगाटात फारसे कोणाचे लक्ष जात नाही. रामेश्वरभट्टांना मिळालेली पहिली सूचना हीच होती. आकाशवाणी झाली नाही, अंगाचा दाहही झाला नाही. फक्त एक माणूस दारात उभा राहिला आणि देवाच्या आज्ञेने हे करतो असे नम्रपणे म्हणाला. जो लबाड असतो तो वाद घालतो किंवा पळ काढतो. हा माणूस, बुडवू का, असे विचारीत होता. एवढ्यावरून शहाण्याने थबकायला हवे होते. पण ज्ञानाचा ताठा असा असतो की समोरच्याची नम्रता ही त्याला स्वतःच्या मोठेपणाची पावती वाटते.

तुकोबा देहूस परतले. अभंगांच्या वह्या त्यांनी एकत्र बांधल्या, वरखाली दगड ठेवले आणि इंद्रायणीच्या डोहात सोडून दिल्या. पूर्वी याच नदीत खतपत्रे गेली होती. तेव्हा लोक म्हणाले होते, संसार बुडविला. आता म्हणू लागले, परमार्थही बुडविला. प्रपंच ना परमार्थ अशी गत झाली. खतपत्रे बुडविताना तुकोबांना दुःख झाले नव्हते. ते आता झाले. देवळासमोरच्या शिळेवर ते अन्नपाणी वर्ज्य करून पडून राहिले. असे तेरा दिवस गेले.

तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या, असे परंपरा सांगते. महिपतीबाबांनी हे लिहिले ते भक्तविजय (शके १६८४, इ. स. १७६२) व भक्तलीलामृत (शके १६९६, इ. स. १७७४) या ग्रंथांत, म्हणजे घटनेनंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी. पण याहून जवळचा साक्षीदार आहे. संत बहिणाबाई या तुकोबांच्या समकालीन शिष्या. त्यांचा जन्म १६२८ चा. तेरा दिवस वह्या पाण्यात राहून वाचल्या ही गोष्ट त्यांनी आपल्या अभंगात नमूद केली आहे. स्वतः तुकोबांनीही देवाने कागद उदकात रक्षिले असे म्हटले आहे. नव्या काळातील काही अभ्यासक म्हणतात की अभंग लोकांच्या तोंडी होते, ते ऐकून पुन्हा उतरवून घेतले गेले; चाकणच्या संताजी जगनाड्यांसारखे लिहून घेणारे शिष्य होतेच. भाविक म्हणतो, देवाने तारले. ज्याला जे पटेल ते त्याने मानावे. अभंग बुडविण्याचा हुकूम झाला होता व अभंग बुडाले नाहीत, एवढे मात्र निर्विवाद आहे. त्याची साक्ष घराघरांतील गाथा देते. १८६९ व १८७३ साली मुंबई सरकारच्या साहाय्याने शंकर पांडुरंग पंडितांनी तिची दोन खंडांत छापील प्रत काढली, तेव्हापासून तर ती बुडविणे कोणाच्याच हाती उरले नाही.

येथे गोष्ट थांबली असती तर जय कोणाचा व पराजय कोणाचा एवढेच सांगावे लागले असते. परंतु वह्या वर आल्यावर तुकोबांनी जे अभंग रचले त्यांत विजयाचा एक शब्दही नाही. त्यांत पश्चात्ताप आहे. आपण फार मोठा अन्याय केला, देवाचा अंत पाहिला, लोकांच्या बोलण्यासाठी चित्त दुखवून घेतले, तेरा दिवस डोळे मिटून पडलो आणि आपले ओझे देवाच्या गळ्यात घातले, पाण्यात कागद व बाहेर आपण असे दोन्ही त्याला सांभाळायला लावले, अशी स्वतःची खरडपट्टी तुकोबांनी काढली आहे. पुन्हा असे करणार नाही, मानेवर सुरी आली तरी देवाला शिणविणार नाही, अशी त्यांची प्रतिज्ञा आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच आधी अपराध कबूल करावा, हे जगात क्वचितच घडते. अन्याय करणाऱ्याला अजून काहीच सुचलेले नव्हते.

रामेश्वरभट्ट त्या वेळी पुण्याच्या वाटेवर होते. पुण्याचे नागेश्वर हे पुरातन व जागृत दैवत. त्यांच्या दर्शनास ते निघाले होते. देवळाजवळून नागझरीचा ओढा वाहतो. तेथे अनगडशहा नावाचे फकीर राहात असत. त्यांच्या जागेतील पाण्यात भट्टांनी स्नान केले. फकिराला ते रुचले नाही, त्याने शाप दिला, आणि भट्टांच्या सर्वांगाचा दाह होऊ लागला. ओली वस्त्रे पांघरली, लेप लावले, पण आग शमेना. त्या दुखण्याचे नाव काय, ते पाण्याने झाले की अन्य कशाने, हा वैद्यांचा प्रश्न आहे. भट्टांचा प्रश्न वेगळाच होता. शास्त्राप्रमाणे चालणाऱ्या, त्रिकाळ स्नानसंध्या करणाऱ्या आपल्यासारख्यावर हे का यावे?

दोष अजून त्यांना फकिराकडेच दिसत होता. म्हणून त्यांनी आळंदीची वाट धरली. श्रीज्ञानेश्वरमहाराजांच्या समाधीपाशी, अजानवृक्षाच्या छायेत, ते अनुष्ठानास बसले. आळंदीस जाण्यात एक गंमत आहे, ती त्या वेळी त्यांच्या ध्यानात आली असेल असे वाटत नाही. ज्या ज्ञानेश्वरांना ते शरण गेले त्यांना त्यांच्या काळच्या शास्त्रीमंडळींनी संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकले होते, आणि गीतेचा अर्थ त्यांनी मराठीतच सांगितला होता. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा बहिष्कृत भट्टांना आता देव वाटत होता; आजचा मात्र पाखंडी.

एके रात्री स्वप्नात ज्ञानेश्वरमहाराज म्हणाले की वैष्णवांत श्रेष्ठ असलेल्या तुकोबांचा तू द्वेष केलास, त्याने तुझे सर्व पुण्य जळून गेले, देहाला ही आग त्याचीच आहे. आता त्यालाच शरण जा. औषध आळंदीस नाही, देहूस आहे, असा त्याचा अर्थ.

स्वप्न पडणे सोपे असते. सकाळी उठून तसे वागणे कठीण. भट्टांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने स्वप्नाचा निराळा अर्थ लाविला असता. शास्त्री माणसाला अर्थ लावता येतातच. शांती करविली असती, ब्राह्मणभोजन घातले असते, चार क्षेत्रे केली असती, म्हणजे ज्याचा अपराध केला त्याला सोडून बाकी सगळे केले असते. आणि दिवाणापर्यंत गेलेला विषय मागे घ्यायचा म्हणजे गावोगावच्या विद्वानांत हसे होणार, हे काय त्यांना कळत नव्हते? तरी त्यांनी पत्र लिहिले. क्षमा मागितली व शिष्याच्या हाती ते देहूस पाठविले. ज्याला लिहिण्याचा अधिकार नाही असे सांगितले होते, त्याच्याकडून लिहून येणाऱ्या दोन शब्दांची वाट पाहात ते आळंदीस बसून राहिले.

उत्तरादाखल तुकोबांनी एक अभंग लिहून पाठविला. त्यात दोषारोप नाही, मागचा उल्लेखही नाही. आपले चित्त शुद्ध असेल तर वैरीही मित्र होतात, विषाचे अमृत होते, आग शीतळ होते, अशा अर्थाचा तो आहे. भट्टांनी तो वाचला आणि दाह शांत झाला.

ही हकीकत केवळ तुकोबांच्या भक्तांनी सांगितली असती तर तिच्याकडे साशंकपणे पाहता आले असते. आपल्या गुरूच्या शत्रूची फजिती रंगवून सांगण्याची हौस कोणाला नसते? पण येथे साक्ष खुद्द रामेश्वरभट्टांची आहे. त्यांच्या नावावरील अभंग गाथेत समाविष्ट आहेत. त्यांपैकी एकात ते सांगतात की मला रोकडा अनुभव आला, मी फजीत झालो, द्वेष केल्यामुळे शरीराला व्यथा जडली, आणि ज्ञानेश्वरांनी स्वप्नात येऊन मला तुकोबांकडे वळविले. शास्त्रार्थात कोणापुढे न वाकलेल्या पंडिताने, ज्या भाषेला व ज्या अभंगछंदाला आपण नाक मुरडले होते त्यातच आपल्या फजितीची कथा सांगावी, यापलीकडे कबुलीजबाब तो कोणता? जुन्या काळी अशा अपराधावर प्रायश्चित्ते सांगितलेली असत, आणि ती ठरविणारे तर भट्टांसारखेच असत. त्यांनी स्वतःसाठी निवडलेले प्रायश्चित्त पोथीतले नव्हते.

पुढे ते तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत गणले जाऊ लागले. कीर्तनात तुकोबा पुढे उभे आणि मागे टाळ धरून वाघोलीचे शास्त्री, हे दृश्य देहूच्या लोकांनी पाहिले. भट्टांच्या जातभाईंना ते कसे वाटले असेल याची कल्पना करता येते.

त्याच काळात देहूच्या आसपास अशाच सूचना इतरांनाही मिळत होत्या. बहिणाबाईंचे पती वेदपाठी ब्राह्मण. आपल्या बायकोला स्वप्नात शूद्राचा अनुग्रह व्हावा, गावाने ते ऐकावे आणि तिच्या दर्शनास यावे, हे त्यांना सहन झाले नाही. त्यांनी तिला मारझोड केली. ती गरोदर असताना तिला टाकून तीर्थाटनास निघून जाण्याचा निश्चय केला. बहिणाबाई लिहितात की निघायच्या वेळीच ते तापाने अंथरुणाला खिळले. महिनाभर औषध लागू पडेना. बायको अहोरात्र उशाशी बसून होती. शेवटी त्यांना वाटू लागले की आपण पांडुरंगाची व तुकोबांची निंदा केली त्याचेच हे फळ. एक वृद्ध ब्राह्मण आला, त्याने समजूत घातली. बरे वाटले तर वैर सोडीन असे ते कबूल झाले. पुढे स्वतःच कुटुंबाला घेऊन ते देहूस आले. हे सर्व त्यांच्या पत्नीने, जिने मार खाल्ला तिने, लिहून ठेवले आहे, आणि लिहिताना कोठेही कडवटपणा येऊ दिलेला नाही. मराठीत स्त्रीने लिहिलेले असे आत्मचरित्र त्याआधी सापडणे कठीण. त्यातील हा भाग प्रत्येक घरात वाचला जावा इतक्या मोलाचा आहे.

देहूत मठ करून राहिलेल्या मंबाजी गोसाव्याला मात्र असा एकही इशारा पुरला नाही. त्याने तुकोबांना काटेरी फांदीने मारले. त्या रात्री तो कीर्तनास आला नाही म्हणून तुकोबा त्याच्या घरी गेले, मारता मारता तुमचेच हात दुखले असतील म्हणून त्याचे अंग चेपू लागले. मंबाजी तेवढ्यापुरता वरमला आणि पुन्हा पूर्वीसारखा झाला. बहिणाबाईंचे कुटुंब तुकोबांकडे गेले या रागाने त्याने त्यांची गाय कोंडून तिला निर्दयपणे मारले. त्याचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले, आणि त्याच्या घराला आग लागली तेव्हा गाय सापडली, असे बहिणाबाई सांगतात. घर जळाले तरी मंबाजीचे मन पालटल्याचे त्या लिहीत नाहीत. रामेश्वरभट्टांहून त्याला अधिक संधी मिळाल्या होत्या. त्याचे घर तर तुकोबांच्या शेजारीच होते, आळंदीची पायपीट करण्याचेही कारण नव्हते.

लोहगावच्या शिवबा कासाराची कथाही येथेच सांगितली पाहिजे. हा कासार आधी तुकोबांचा निंदक, मग असा भक्त झाला की दुकान सोडून कीर्तनात रमू लागला. त्याच्या बायकोला याचा संताप आला. तिने तुकोबांना जेवायला बोलावले आणि स्नानाच्या वेळी अंगावर कढत पाणी ओतले. तुकोबांनी देवाचा धावा केला. पुढे तिच्याच अंगावर रोग उठला आणि तिच्या वेदनांना पार राहिला नाही. तेव्हा तिला उपाय कोणी सांगितला? महिपतीबाबा म्हणतात, रामेश्वरभट्टांनी. तुकोबांना जेथे स्नान घातले तेथली माती अंगाला लाव, असे ते म्हणाले, आणि तिला आराम पडला. कथेतील चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट मन वेधून घेते. अंगाची आग काय असते हे त्या परिसरात भट्टांइतके कोणाला ठाऊक होते? एरवी शास्त्र्याने अशा बाईला तिच्या कर्माचे फळ म्हणून सांगितले असते. त्यांनी तिला ज्याचा अपराध केला त्याच्या पायाची वाट दाखविली. तीच वाट आळंदीस त्यांना दाखविली गेली होती.

या सगळ्याला अवधी फार थोडा होता, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस, म्हणजे इ. स. १६५० मध्ये, तुकोबांचे वैकुंठगमन झाले. शके १५३० हे जन्मवर्ष धरले तर वय अवघे एकेचाळीस-बेचाळीस. भट्टांनी मानापमानाचा विचार करीत काही वर्षे घालविली असती तर पत्र पाठवायला देहूस कोणी उरले नसते.

देहूस ती शिळा आजही आहे. तिच्यावरील नव्या शिळामंदिराचे लोकार्पण २०२२ साली झाले. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली सुरू केलेला पालखीसोहळा दरवर्षी ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून पंढरीस निघतो, आणि गावाबाहेर पडताना पालखी पहिल्यांदा थांबते ती अनगडशहाबाबांच्या दर्ग्यापाशी. तेथे अभंग व आरती होते, मग पालखी पुढे जाते. ज्याने रामेश्वरभट्टांना शाप दिला तोच हा फकीर. तोही एकदा तुकोबांच्या दारी भिक्षेस आला होता; त्याचा कधी न भरणारा कटोरा तुकोबांच्या लेकीने घातलेल्या चिमूटभर पिठाने भरून वाहू लागला, आणि तोही तेथेच नमला, अशी कथा आहे.

वारकरी कीर्तनाच्या शेवटी ज्ञानोबांची आरती होते व तिच्यामागोमाग तुकोबांची. ज्ञानोबांची आरती रामाजनार्दनांची. तुकोबांची आरती रचली रामेश्वरभट्टांनी. पाण्यात दगड तरावे तसे अभंग तरले, याचा त्या आरतीत उल्लेख आहे. ते बुडवायला कोणी सांगितले होते हे मात्र गाणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनातही येत नाही. शेवटच्या चरणात तराजूचा दाखला येतो. एका पारड्यात ब्रह्म आणि दुसऱ्यात तुका घालून कवीने तोलून पाहिले, तर दोन्ही सारखे भरले. तुकोबांच्या वाणीपणाला शोभेल असाच तो दाखला आहे. त्यानंतर कवीची नाममुद्रा येते, आणि तिच्यासोबत त्याने चरणांवर ठेवलेले मस्तक.